आधी पसारा, मग सरासरी

वाचक लिहितात:

"बाई, मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. हे तिसरं वर्ष. टीवायबीएला ३४ मुलं आहेत, त्यांत २६ मुली. स्वप्नं, व्यक्तिमत्त्व, भावना शिकवताना वर्ग नुसता गजबजलेला असतो. मानसशास्त्रीय कसोट्या आणि संख्याशास्त्राचा पेपर उघडला की सगळे खाली मान घालतात. बहुतेकांचं गणित दहावीनंतर सुटलंय. सूत्रं पाठ करतात, पण उदाहरणातले आकडे बदलले की अडतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, 'मॅडम, माणसाचा मन आकड्यांत कसा मावतला?' मला उत्तर देता आलं नाही. परीक्षेपुरती उदाहरणं घोटून घ्यावीत आणि मोकळं व्हावं का? गोडीगुलाबीने काही होत नाही हेही मी बघितलंय. पहिल्या चाचणीत तळाला असलेल्या सहा जणांना चांगलंच सुनावलं, तर दुसऱ्या चाचणीत त्यांतले पाच वर आले. ज्यांचं कौतुक केलं ते मात्र घसरले. आणि खरं सांगते, मलाच या पेपराची भीती वाटते. एम.ए.ला मीही तो पाठच केला होता."

प्रिय अध्यापिका,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या मुलीचं आहे. उत्तर आलं नाही म्हणून ओशाळू नका. तिचं बरोबर आहे, मन आकड्यांत मावत नाही, आणि ते मावतं असं संख्याशास्त्रानेही कधी म्हटलेलं नाही. माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, आणि चार जणांकडे बघून आपण चाळीस जणांबद्दल बोललो तर कितपत चुकू, एवढंच ते सांगू बघतं. हे काम मानसशास्त्राचंच आहे. मुलांना ते तसं दिसत नाही, कारण आपण सुरुवात भलत्या टोकाने करतो.

रूढ वाट तुम्हाला ठाऊक आहे: मध्य, मध्यक, बहुलक, मग प्रमाण विचलन, मग प्रसामान्य वक्र, मग सहसंबंध. म्हणजे पहिल्याच तासाला मुलांच्या हातात सरासरी पडते आणि सरासरीत माणूस दिसत नाही. मुलं तर मानसशास्त्राला आलेली असतात माणूस बघायला. त्यांचा विरस तिथेच होतो. गणिताची भीती आहे, नाही असं नाही, पण ती मागाहून येऊन या विरसावर बसते. म्हणून माझं सांगणं एकच आहे: आधी पसारा दाखवा. सरासरी दुसऱ्या दिवशी आली तरी चालेल.

मी हे कसं करत असे ते सांगते. एक मोठा कार्डशीट भिंतीला लावायचा. खालच्या बाजूला आडवी रेघ, तिच्यावर शून्य ते १२० मिनिटांच्या खुणा. टिकल्यांची दोन पाकिटं आणायची, साधी लाल, एकाच मापाची. प्रत्येकाच्या हातात एक टिकली, मुलग्यांच्याही. घराच्या उंबऱ्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत किती मिनिटं लागतात, त्या आकड्यावर ती लावायची. तिथे आधीच कुणाची असेल तर तिच्या डोक्यावर. पाच-सात मिनिटांत भिंतीवर एक डोंगर उभा राहतो. डाव्या बाजूला गर्दी असते, बाजारपेठेत राहणाऱ्यांची आणि स्कूटीवरून येणाऱ्यांची. मग उतार लागतो आणि उजवीकडे लांबवर एखादीच टिकली. ती पहाटेच्या एसटीने येणारीची.

आता त्यांतले नऊ आकडे फळ्यावर घ्या. सोपे पडावेत म्हणून मी हे घेते: १०, १०, १५, १५, २०, २५, ३०, ४५, १००. बेरीज २७०, मध्य, म्हणजे सरासरी, ३०. मधला आकडा, म्हणजे मध्यक, २०. मग विचारा, "आमच्या वर्गाला कॉलेजला यायला सरासरी अर्धा तास लागतो" हे वाक्य खरं आहे का? हिशेबाने खरं आहे. पण नऊतले सहा जण अर्ध्या तासाच्या आत पोचतात, आणि जिला १०० मिनिटं लागतात तिचा त्या वाक्यात मागमूसही नाही. कोणी ना कोणी म्हणतंच, तिला वगळू या, तिच्यामुळे सगळं बिघडतंय. बोलू द्या. ज्यांना वगळायचं ती माणसं कुठेतरी राहतात, कुठल्यातरी गाडीने येतात, हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं. पुढे पुस्तकात 'आउटलायर' हा शब्द आला की त्यांना ती टिकली आठवते.

मग प्रत्येकजण ३० पासून किती लांब आहे ते मांडायचं. उणे २०, उणे २०, उणे १५, उणे १५, उणे १०, उणे ५, शून्य, अधिक १५, अधिक ७०. बेरीज करायला लावा. ती शून्य येते. सगळे गोंधळतात: फरक डोळ्यांना दिसतोय आणि बेरीज म्हणते काहीच नाही. या ठिकाणी घाई करून सूत्र सांगू नका, मी हात जोडून सांगते. अडू द्या त्यांना. पाच मिनिटं लागली तर लागू देत. कोणी म्हणेल, उणे-अधिक विसरून नुसती अंतरं धरू. कोणी म्हणेल, वर्ग करू, उण्याचाही अधिक होतो. दोघांचंही बरोबर आहे. पहिल्याचं सरासरी विचलन होतं, दुसऱ्याचं प्रमाण विचलन. वर्गांची बेरीज येते ६,५००. तिला ९ ने भागलं की सुमारे ७२२, त्याचं वर्गमूळ सुमारे २७. (पुस्तकात ९ ऐवजी ८ ने का भागतात हा प्रश्न येईल. तो नमुना शिकवाल तेव्हासाठी राखून ठेवा.) आता विचारा, त्या ६,५०० मध्ये कुणाचा वाटा किती? ४,९०० एकटीचे. वर्गाच्या पसाऱ्याचा पाऊण हिस्सा एका मुलीच्या एसटीमधून येतो.

'प्रमाण विचलन' हा शब्द फळ्यावर लिहायचा तो यानंतर, आणि शेजारी 'स्टँडर्ड डेव्हिएशन'. संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात, मुलांना दोन्ही शब्द ओळखीचे हवेत. पण त्याआधी त्यांना ते आपल्या बोलीत म्हणू द्या. मालवणीत समजलेलं सूत्र परीक्षेत प्रमाण भाषेत लिहिता येतं, उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

माणसामाणसांतला फरक म्हणजे कुणाची तरी चूक, ही समजूत फार जुनी आहे. १७९६ च्या सुमाराला ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी किनेब्रुक नावाच्या मदतनिसाला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून जाताना तो जी वेळ नोंदवायचा, ती मॅस्केलिन यांच्या वेळेपेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद मागे असायची. पुढे बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ताडून पाहिलं तेव्हा कळलं, की निष्णात निरीक्षकांच्या नोंदींतही असा फरक पडतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. त्याला 'वैयक्तिक समीकरण' असं नाव पडलं. प्रतिक्रियाकाल मोजण्याचं काम त्या वाटेने मानसशास्त्रात आलं. ही गोष्ट सांगा आणि लगेच ३० सेंटिमीटरची पट्टी काढा. एकीने वरून सोडायची, दुसरीने खाली चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर साधारण १७५ मिलिसेकंद, २० वर पकडली तर साधारण २००. प्रत्येकीचे दहा प्रयत्न. तेव्हा दोन पसारे दिसतात: मुलीमुलींमधला, आणि एकाच मुलीच्या दहा प्रयत्नांमधला. आपणही आपल्यासारखे रोज नसतो, हे त्या वयात कळलेलं बरं.

प्रात्यक्षिकांबद्दल एक सांगायचं राहू नये. स्मरणाचा प्रयोग तुम्ही घेतच असाल, एबिंगहाउसने स्वतःवर केला आणि १८८५ साली छापला त्या धर्तीचा, निरर्थक अक्षरसमूहांचा. मी नोकरीला लागले त्या वर्षी यादी बाहेरून आणली होती, शहरात तयार झालेली. तिच्यात एक शब्द होता 'झाप'. यादी करणाऱ्याच्या लेखी तो निरर्थक. माझ्या वर्गातल्या एकूण एक मुलीला तो आठवला, कारण पावसाळ्याआधी पडवीला बांधायला माडाचे झाप विणणारी माणसं प्रत्येकीच्या घरात होती. मी आकडे भरत गेले आणि एका शब्दाचा टक्का आभाळाला भिडलेला पाहून चुकलं काय ते शोधत बसले. उत्तर एका मुलीने दिलं. तेव्हापासून यादी मुलांकडूनच करून घेते आणि दुसऱ्या तुकडीकडून तपासून घेते, यातला एखादा शब्द तुमच्या वाडीत कशाचं नाव तर नाही ना. कसोटीची सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच ती मोजते का, आणि गुण ताडून बघायचे तिचे मानदंड कोणावर बसवले आहेत, हे सगळं त्या एका झापातून शिकवता येतं. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं, ते १९३४ साली प्रसिद्ध झालं. एवढे कष्ट कशासाठी, हे मुलांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मोजमाप चुकलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. महर्षी कर्वे मुरुडचे. लहानपणी घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले आणि तिथे दिसायला लहान म्हणून, सतरा वर्षं पुरी नसावीत असं ठरवून, त्यांना परत पाठवलं. दाखला जवळ असताना! वय मोजायचं साधन चेहरा. तेच कर्वे पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते आणि १९१६ साली त्यांनी महिलांसाठी विद्यापीठ काढलं. तुमच्या २६ मुलींना हे जरूर सांगा. गणित आपल्याकडचं नाही असं त्यांच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर त्यांना हेही सांगा, की केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. १८९९ ची गोष्ट.

आता शून्य परिकल्पना. हा भाग सगळ्यात जास्त पाठ केला जातो आणि सगळ्यात कमी कळतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगरचनेवरच्या १९३५ च्या ग्रंथात चहाचं एक उदाहरण दिलं आहे. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून ओळखता येतं असं एक बाई म्हणत होत्या. फिशरनी आठ कप मांडले, चार असे, चार तसे. आपल्याकडे ही पैज भाकरीवर लावा. चुलीवरची तांदळाची भाकरी आपण डोळे मिटून ओळखतो असं म्हणणारं कोणीतरी वर्गात असतंच. आठ तुकडे: चार चुलीवरचे, चार गॅसवरचे. तिला एवढंच सांगायचं, की चार चुलीवरचे आहेत, ते वेगळे काढ.

खरं शिक्षण तुकडे मांडण्याआधी होतं. पीठ एकाच दळणाचं हवं. थापणारे हात एकाच बाईचे हवेत. दोन्ही भाकऱ्या सारख्याच निवलेल्या हव्यात. डोळे बांधायला हवेत, कारण चुलीवरच्या भाकरीला राखेचा डाग असतो. आणि तुकडे ताटात कोणत्या क्रमाने ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, देणाऱ्याच्या मनावर नाही. एवढी चर्चा झाली की 'चलांचे नियंत्रण' हे प्रकरण अर्धं संपलं.

आठांतून चार निवडण्याच्या ७० तऱ्हा आहेत. तिला काहीच ओळखता येत नसेल, नुसता अंदाज मारत असेल, तर चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. "काहीच ओळखता येत नाही असं धरून चालू" हीच शून्य परिकल्पना. चारांतले तीन बरोबर आले तर? वर्ग टाळ्या वाजवेल. मोजा: बरोबर तीन येण्याच्या १६ तऱ्हा, चारही येण्याची एक. तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याच्या १७ तऱ्हा, ७० पैकी. जवळजवळ २४ टक्के. नुसत्या अंदाजाने चौघींतली एक जण इतपत जाते. टाळ्या थांबतात आणि मुलं फळ्याकडे बघायला लागतात. एक जपा: २४ टक्के म्हणजे "तिला ओळखता येत नाही याची शक्यता २४ टक्के" असं कोणाला म्हणू देऊ नका. काहीच येत नसतं तर असा निकाल किती वेळा लागला असता, याचा तो आकडा आहे. त्यालाच पी-मूल्य म्हणतात. ही गल्लत इतकी सार्वत्रिक आहे, की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली पी-मूल्याबद्दल जाहीर निवेदन काढावं लागलं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या भागाकडे येते, जो वाचून मला काळजी वाटली. सुनावलेले सहा, त्यांतले वर आलेले पाच, आणि कौतुकाने घसरलेले. तुम्ही जे पाहिलं ते खोटं नाही. पण त्यातून काढलेला अर्थ तपासून घ्यायला हवा.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस जास्त शिकतो, असं त्यांनी सांगितलं. त्यावर एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. चांगलं उड्डाण केलेल्याची पाठ थोपटली की पुढचं उड्डाण हटकून वाईट होतं आणि वाईट करणाऱ्यावर ओरडलं की पुढचं सुधारतं, असा त्याचा अनुभव. तुमचाच अनुभव हा. काहनेमान यांच्या लक्षात आलं, की ओरडण्याशी याचा काही संबंध असायलाच हवा असं नाही. एका उड्डाणात कौशल्य असतं आणि त्या दिवसाचं बरंवाईट नशीबही असतं. फारच वाईट गेलेल्या उड्डाणात बहुधा नशीबही वाईट असतं. पुढच्या वेळी नशीब तितकं वाईट नसतं, म्हणून निकाल आपोआप सरासरीकडे परततो. गॉल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा आईबापांइतकी नाहीत. या परतण्याला रिग्रेशन म्हणतात, तो शब्द तिथून आला.

तुमच्या तळाच्या सहा जणांत त्या दिवशी कुणाला ताप असेल, कुणाची गाडी चुकली असेल, कुणाला नेमकं न वाचलेलं आलं असेल. दुसऱ्या चाचणीला हे सगळं पुन्हा जुळून येणार नव्हतं. तुम्ही एक शब्द बोलला नसता तरी त्यांतले बरेच जण वर आले असते. वरच्यांचंही तसंच, उलट दिशेने.

म्हणून काळजी वाटते. तुम्ही अजून तीस वर्षं शिकवाल. प्रत्येक वर्षी रागावल्यावर सुधारणा दिसेल आणि कौतुकानंतर घसरण दिसेल. काही न समजता माणूस कठोर होत जातो आणि त्याला वाटतं अनुभवाने शहाणं झालो. मी अशी चांगली माणसं पाहिली आहेत.

वर्गात हे चिंचोक्यांनी दाखवा. फोडलेले अर्धे चिंचोके, एक बाजू काळपट, एक पांढरी, पट खेळायला घेतो तसे. प्रत्येकाने दहा टाकायचे आणि पांढरे मोजायचे. सगळ्यात कमी पडलेल्या सहा जणांना उभं करा आणि सांगा, नीट लक्ष देऊन टाका जरा. सगळ्यात जास्त पडलेल्यांना शाबासकी द्या. पुन्हा टाकायला लावा. खालचे बहुतेक वर येतील, वरचे बहुतेक खाली. चिंचोक्याला रागावलेलं कळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून खुलासा करावा लागत नाही. त्यानंतर तुमच्या दोन चाचण्यांचे गुण नावं न लिहिता शेजारी शेजारी मांडा.

यावरून रागावण्याचा काहीच परिणाम होत नाही असंही सिद्ध होत नाही. ते कळायला तळाच्या सहांपैकी तिघांनाच, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, सुनवायला हवं होतं आणि उरलेल्या तिघांशी तुलना करायला हवी होती. सहा जणांवरून तरीही फारसं कळलं नसतं. हा प्रयोग मुलांवर कृपा करून करू नका. पण नियंत्रित गट कशासाठी लागतो, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही.

नमुना निवडीबद्दल थोडक्यात. शितावरून भाताची परीक्षा करायला प्रत्येकीला येते. ती का चालते ते विचारा. उकळी फुटलेली असते, भात खालीवर झालेला असतो. तळाला लागलेला भात वरच्या शितावरून कळत नाही. मग मुलांच्या प्रकल्पाकडे वळा: "मोबाइल आणि तरुणांतील ताण", प्रश्नावली व्हॉट्सॲपवर मैत्रिणींना पाठवलेली. हे वरचं शीत. पुस्तकातल्या प्रयोगांचंही बऱ्याचदा तसंच असतं. हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० साली दाखवून दिलं, की मानसशास्त्राचे निष्कर्ष फार करून पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतल्या विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत. तुमच्या वर्गातली मुलं त्या भांड्यात नव्हतीच. २०१५ साली गाजलेल्या नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळचे ९७ टक्के 'लक्षणीय', म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा न येणारे, होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले. मुलांना हे सांगायला कचरू नका. छापलेल्या वाक्याला प्रश्न विचारायचं साधन आपल्या हातात आहे असं कळलं, की हा पेपर त्यांना ओझं वाटत नाही.

घोटून घ्यावं का? शेवटचे चार आठवडे, जरूर. त्यांना पदवी हवी आहे, घरी वाट बघणारी माणसं आहेत, आणि हाताला सवय नसेल तर समजलेलं गणितही वेळेत सुटत नाही. फक्त ते शेवटी. आधीच्या प्रत्येक तासाची सुरुवात वह्या बंद करून मागच्या आठवड्यावरच्या तीन प्रश्नांनी करा, गुण न देता. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे असतात, पण आठवड्याने स्वतःची परीक्षा घेणारे पुढे जातात. हाही एक प्रयोग वर्गातच करून बघण्यासारखा आहे.

तुमच्या भीतीबद्दल. रविवारी दुपारी एक वही घ्या आणि भाकरीच्या त्या ७० तऱ्हा एकेक करून लिहून काढा. तुकड्यांना क ते झ अशी अक्षरं द्या, ङ सोडून, आणि चारांचे गट पाडा. तासभर लागेल. मी ते केलं तेव्हा मला शिकवायला लागून चार वर्षं झाली होती, आणि शक्यता ही गोष्ट मोजता येते हे त्या दिवशी हाताला कळलं. टी-चाचणीला, म्हणजे थोड्या आकड्यांवरून सरासरीतला फरक तपासण्याच्या रीतीला, घाबरत असाल तर ती काढणाऱ्या गॉसेट यांची आठवण ठेवा. ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर होते. प्रयोग थोडे, आकडे मोजके, त्यातून निर्णय घ्यायचा, ही त्यांची रोजची अडचण. १९०८ साली त्यांनी ती रीत 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. अशा लहान नमुन्यांसाठीच ती जन्मली. कॉलेजात गणिताचे कोणी सर किंवा मॅडम असतील तर आठवड्याला अर्धा तास मागा. बहुतेक जण आनंदाने देतात, कोणी विचारलेलं नसतं इतकंच.

शेवटचं आणि महत्त्वाचं. वर्गातून आकडे घेताना नैराश्य, घरचं उत्पन्न, वजन, यांतलं काही घेऊ नका. नावं लिहिली नाहीत तरी आपल्या गावांत अक्षरावरून आणि वाडीवरून माणूस ओळखतात. पट्टी, चिंचोके, भाकरी, एसटीची मिनिटं पुरेत. आणि मिनिटांचंही, जी मुलगी लांबून येते हे तुम्हाला ठाऊक आहे तिला तासाआधी एकटीला गाठून विचारा: तुझ्या टिकलीबद्दल वर्गात बोललं तर चालेल का? नको म्हणाली तर भिंतीवर सगळ्यांच्या टिकल्या तेवढ्या लावून घ्या आणि फळ्यावर माझे नऊ आकडे घ्या.